ऑक्टोबरची तपासणी

त्याच्या मुलीने मला फसवलं, आणि तिच्या शब्दावर विसंबून मी त्याला फसवलं. क्रम हाच आहे. कुणी उलटा सांगितला तर मी ऐकून घेणार नाही.

मी खरेदी खात्यातला माणूस. चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये पेट्या उचलण्यापासून सुरुवात केली, नोकरी सांभाळून डिप्लोमा केला आणि वीस वर्षांनी स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी पुरवठादारांचे भाव पाडायला बसलो. या धंद्यात एक नियम मी कधी मोडला नाही: आधी कागद, मग हात मिळवायचा. अशा माणसाला एका बाईने फोनवर, कागदाशिवाय, एका शब्दात गुंडाळलं. ते पुढे सांगतो. आधी म्हातारा.

तो आमचा घरमालक. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरात चढावरच्या गल्लीत त्याचं दुमजली घर होतं. खाली तो एकटा, वर आम्ही नवरा-बायको. घर बघायला गेलो तेव्हा मी पगाराच्या स्लिपा, बँकेचं पत्र, कंपनीचं पत्र, सगळी फाईल घेऊन गेलो होतो. भाड्यावर कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, हे ट्रेनमध्येच ठरवलं होतं. त्याने फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "सायकल आहे का?"

"आहे."

"घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेलो. जुन्या बाजारातून घेतलेली. मी फुशारकीने सांगितलं, की विकणारा जे मागत होता त्याच्या निम्म्यात मिळवली. म्हातारा सायकलीभोवती दोनदा फिरला. खाली वाकला, पेडल हाताने फिरवलं, चाकांच्या तारांमधून बोट फिरवलं.

"मागे एक लाल हवा, पुढे एक पांढरा. प्रत्येक पेडलला दोन पिवळे, प्रत्येक चाकात दोन पिवळे. एकूण दहा रिफ्लेक्टर. तुमच्याकडे चार आहेत. म्हणजे ही सायकल निम्म्याहून कमी दिसते. निम्म्यात मिळाली यात तुमचं कर्तृत्व काय?"

वीस वर्षांत माझ्या सौद्याला असं कुणी बोललं नव्हतं. मला राग आला आणि तिथेच ते घर आवडलं.

भाडेकरारात जिना झाडायच्या पाळीचं कलम होतं, बर्फ उपसायचं होतं, आणि त्याच्याखाली त्याने स्वतःच्या हाताने एक कलम लिहिलं: भाडेकरू दर ऑक्टोबरमध्ये आपली सायकल तपासणीसाठी हजर करील. मी म्हटलं, हे कलम ठेवतो, भाडं थोडं उतरवा. "नाइन." म्हणजे नाही. दोन वर्षांतून एकदा करू. "नाइन." बरं, फक्त मागची बाजू दाखवतो.

त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हेर आइनकॉयफर," तो म्हणाला. हेर म्हणजे श्रीयुत, आइनकॉयफर म्हणजे खरेदी करणारा. पुढे कायम त्याने मला याच नावाने हाक मारली. "अंधाराशी घासाघीस करून बघा. त्याने काही कमी केलं, तर मीही करीन."

मी सही केली.

आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं. वाहनांचे दिवे आणि रिफ्लेक्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत तो चौतीस वर्षं बसला. खोली कसली, लांबलचक बोगदाच. एका टोकाला रिफ्लेक्टर, दुसऱ्या टोकाला दिवा आणि मोजायचं यंत्र. दिव्याचा उजेड जाऊन परत किती येतो, ते मोजायचं. "दिवा सगळ्यांना उजेड देतो," तो म्हणायचा. "रिफ्लेक्टर ज्याने दिला त्यालाच परत देतो. इतका सरळ व्यवहार मी माणसांत पाहिला नाही." निवृत्त झाला तरी बोगदा त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जातानासुद्धा पिवळं जाकीट घालायचा. बेकरीत पाव आणायला जाकीट. बायकोच्या दफनाला काळा ओव्हरकोट घालावाच लागला, तर त्याने बुटांच्या टाचांना चकाकती पट्टी चिकटवली. हे त्याने स्वतः मला सांगितलं, जराही न लाजता. "पाद्री माझ्या मागून चालत होता. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, परत जाताना रस्ता ओलांडायचाय."

"आपण दिसतो असं तुम्हाला वाटतं," हे त्याचं आवडतं वाक्य. "ड्रायव्हरला विचारलंत का?"

पहिल्या वर्षी मी राहिलेले सहा रिफ्लेक्टर इंटरनेटवरून मागवले. स्वस्त, चकचकीत. त्याने एक हातात घेऊन उलटा केला. जर्मनीत मान्यता मिळालेल्या रिफ्लेक्टरवर एक खूण आणि नंबर कोरलेला असतो. यावर नव्हता. रिफ्लेक्टर घेऊन तो खाली गेला आणि त्याने एक ड्रॉवर उघडला. आत तीस-चाळीस रिफ्लेक्टर होते, सगळे बिनखुणेचे, आणि बाहेरच्या बाजूला चिठ्ठी: खोटारडे. माझे सहाही त्यात गेले. भरपाई मागितली तर म्हणाला, "संग्रहालयाला दिलेली भेट परत घेत नसतात."

तपासणी संध्याकाळी व्हायची. ऑक्टोबरच्या शेवटाला तिथे पाच-साडेपाचलाच अंधारून येतं. तो गल्लीच्या वरच्या टोकाला उभा राहायचा, हातातली बॅटरी कानशिलाला टेकवून. मी खालून सायकल ढकलत चढ चढायचा. बॅटरी कानशिलाला का, तर रिफ्लेक्टर उजेड आला तिकडेच परत पाठवतो. डोळा दिव्याच्या शेजारी असेल तरच तो दिसतो. म्हणून गाडीवाल्याला दिसतो, फुटपाथवरच्याला दिसत नाही. "हाल्ट!" तो वरून ओरडायचा. "वळा! आता मागची बाजू! पेडल फिरवा!" शेजारणी खिडक्या उघडायच्या. चाळिशी उलटलेला मी, टाय लावलेला, पुरवठादारांना रडवून घरी आलेला, रस्त्याच्या मधोमध उलट्या दिशेने पेडल फिरवत उभा. सगळं मनासारखं असलं की तो एवढंच म्हणायचा, "इन ऑर्डनुंग." ठीक आहे. त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर आधीपासून रिफ्लेक्टर पुसत बसायचो, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी दसरा तपासणीच्या दोनच दिवस आधी आला. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रं बंद करून पूजा व्हायची. ती सवय सुटत नाही. आता इथे माझं हत्यार कोणतं? लॅपटॉपला बायकोने कुंकू लावू दिलं नाही. मग तळघरात जाऊन सायकलीला लावलं. हँडलला, चाकाला, आणि नमस्कार नीट व्हावा म्हणून मागच्या लाल रिफ्लेक्टरला ठळक बोट ओढलं. झेंडू मिळाला नाही. फुलवाल्याकडे पिवळी शेवंती होती, तिची माळ केली.

म्हातारा तळघरात कोळशाच्या जुन्या खोलीत काहीतरी शोधायला आला आणि सायकल बघून दारातच थबकला. डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"कोण वारलं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

मला कळेना. मग कळलं. तिकडे शेवंती थडग्यावर वाहतात. मी घाईघाईने समजावलं, की कुणी गेलेलं नाही, उलट आहे. वर्षातून एकदा ज्या वस्तू आपल्याला पोसतात त्यांना हात जोडायचे, त्यांच्याकडून त्या दिवशी काम घ्यायचं नाही. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. टोपी परत घातली.

"आल्झो," तो म्हणाला. असं आहे तर. "चौतीस वर्षं त्या बोगद्यात होतो, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या मोजायच्या यंत्राला एकदा तरी सुट्टी द्यायला हवी होती." मग तो खाली वाकला, रिफ्लेक्टरवरचं कुंकू त्याला दिसलं आणि त्याचा आवाज बदलला. "पण हे काय! या काचेत बारीक बारीक कोपरे असतात, त्यांच्यावर आपटून उजेड परत जातो. तुम्ही त्यांचे डोळे लिंपून टाकलेत! देवाच्या नावाने आंधळं करायचं?" खिशातला रुमाल काढून त्याने रिफ्लेक्टर घासून पुसला. रुमाल लाल झाला. मग आमची बोलणी झाली आणि ठरलं: कुंकू हँडलवर, एकच बोट, रिफ्लेक्टरला नाही.

पुढच्या दसऱ्याला तो स्वतःची सायकल घेऊन पायरीवर उभा. "माझ्याही सायकलीला," तो म्हणाला. "फुलं मात्र दुसरी लावा." बायकोने सूर्यफूल आणलं होतं. तेव्हापासून ती त्याला आजोबा म्हणायला लागली. "अहो, आजोबांना शिरा देऊन या," म्हणून मला खाली पिटाळायची. तो शिरा चमच्याने खायचा आणि दर वेळी विचारायचा, की यात केळं का. त्याला आवडत नव्हतं, पण तो संपवायचा.

आता मी ज्या वर्षाबद्दल लिहिणार आहे ते चौथं. त्या दसऱ्याला मी ऑफिसात अडकलो, पूजा बायकोने एकटीने केली. संध्याकाळी तपासणी. मी सायकल चढावर आणली, वळवली, आणि म्हातारा वरून म्हणाला, "इन ऑर्डनुंग." मला हायसं वाटलं. सायकल उचलून आत नेताना दिव्याखाली बघितलं तर मागच्या रिफ्लेक्टरवर कुंकवाचा लपका. बायकोला नियम माहीत नव्हता. तिने सगळीकडे लावलं होतं.

आधी वाटलं, दिसलं पण भिडेखातर बोलला नाही. पण हा माणूस भिडेखातर गप्प बसणारा नव्हता. मग मी पुरवठादारांशी करतो ते केलं. नमुना खरंच तपासलाय का, हे बघायचं असेल तर त्याच्या हाती मुद्दाम भलताच नमुना द्यायचा. मी सायकल पुन्हा बाहेर काढली, तोंड त्याच्याकडे करून उभी केली, म्हणजे समोर आला पांढरा, आणि म्हटलं, "एकदा मागचा लाल परत बघता का? मला शंका आहे."

त्याने बॅटरी कानशिलाला लावली. "छान आहे," तो म्हणाला. "उत्तम लाल."

मी जवळ गेलो. माझ्या गप्प राहण्यावरूनच त्याला कळलं असावं. बॅटरी विझवून तो पायरीवर बसला.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "मधलं गेलंय. कडेचं आहे. तुमच्याकडे बघितलं की तुम्ही नसता. तुमच्या शेजारी बघितलं की असता. पण कडेला रंग कळत नाहीत." मग म्हणाला, "चष्म्याच्या दुकानदाराला माहीत आहे. आता तुम्हाला. मुलीला नाही. कळलं तर मला इथून उचलेल."

"आणि सायकल चालवताय!"

"चालवतो म्हणून तर जगतोय."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, मराठीत ओरडलो. मग त्याने जे केलं त्याची मला सवय नव्हती. जर्मन माणूस 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो तेव्हा तो मोठा समारंभ असतो. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही होत नाही. त्याने हात पुढे केला, स्वतःचं पाळण्यातलं नाव सांगितलं आणि म्हणाला, "आता आपण 'तू' म्हणूया."

"ही लाच आहे," मी म्हटलं.

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर.

सौदा असा ठरला. मी कुणाला सांगणार नाही. तो एकटा सायकल काढणार नाही. दर शनिवारी आम्ही दोघं गावाबाहेर शेतांमधल्या वाटेने जायचं, मी पुढे, तो मागे. त्या शनिवारी तो दुकानातून एक लाल दिवा घेऊन आला, लुकलुकणारा. जर्मनीत सायकलला लुकलुकणारा दिवा लावायला बंदी आहे. ज्या माणसाने माझे सहा रिफ्लेक्टर खुणेवाचून जप्त केले, त्याने स्वतःच्या हाताने तो माझ्या सीटखाली बसवला. "डोळ्याच्या कडेला हललेलं तेवढं दिसतं," तो म्हणाला. "स्थिर दिवा मला सापडत नाही. आता आपण दोघं गुन्हेगार."

त्या शनिवारांसाठी माझा जीव तुटतो. एवढंच लिहितो, कारण याहून जास्त लिहिता येत नाही. पुढे मी, मागून त्याचा आवाज. "डावीकडे! मला दिसतोयस!" कोबीची शेतं, सफरचंदांच्या रांगा, लांबवर कारखान्यांची छपरं. चढ आला की तो मला शिव्या द्यायचा, की पुण्याची माणसं इतकी सावकाश का जातात. मी म्हणायचो, मी पुण्याचा नाही, चाकणचा. "म्हणूनच," तो म्हणायचा. चाकण कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. गावाकडे माझे वडील वारले तेव्हा मी लहान होतो. माझ्या मागे कुणी मोठं माणूस असल्याची जाणीव मला त्या वाटेवर पहिल्यांदा झाली.

मार्चमध्ये त्याने सौदा मोडला. मंगळवारी दुपारी बायको दुकानातून येत होती, तिला तो ट्रामच्या रुळांवरून एकटा सायकल नेताना दिसला. घंटा वाजत होती, तो भलतीकडेच बघत होता. म्हणजे बहुतेक ट्रामकडेच बघत होता. घरी येऊन ती रडली. "अहो, काहीतरी करा. आपल्या डोळ्यांदेखत होईल." मी खाली गेलो आणि जिन्यात त्याच्यावर ओरडलो, या वेळी जर्मनमध्ये. तो म्हणाला, "शनिवार आठवड्यातून एकदाच येतो." मी म्हटलं, आता शनिवारही नाही. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

त्या आठ दिवसांतच मुलीचा फोन आला. ती ब्राउनश्वाइगला असते, साडेचारशे किलोमीटरवर, मोठ्या हुद्द्यावरची इंजिनिअर. म्हणाली, बाबा फोनवर विचित्र बोलतात, त्यांच्या डोळ्यांना काही झालंय का? खरं सांगा. मी म्हटलं, मी काही सांगायला बांधलेला नाही. ती म्हणाली, मला त्यांना डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरकडे न्यायचंय, एवढंच. मग मी माझ्या पद्धतीने अट घातली: ते या घरातच राहतील, घरातून हलवायचं नाही. पलीकडून लगेच उत्तर आलं, "फरश्प्रोखन." शब्द दिला.

जन्मभर मी कुणाच्या तोंडी शब्दावर एक खिळा घेतला नव्हता. पण मनात आलं, ही त्याचीच मुलगी. बिनखुणेची काच ड्रॉवरमध्ये फेकणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेली. हिचा शब्द खोटा कसा असेल? आणि मला राग आलेला होता, आणि भीती वाटत होती, तेही खरं. मी सगळं सांगितलं. दोन वर्षं, कडेचं, मधलं, ट्राम.

एप्रिलमध्ये मी पुरवठादारांच्या भेटींसाठी चाकणला तीन आठवडे होतो. परत आलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, आजोबांना नेलं." घर एका व्यवस्थापन कंपनीच्या ताब्यात दिलं होतं. तळघर रिकामं, धुतलेलं. जाताना तो वर आला होता, म्हणे. बायकोने विचारलं, काही निरोप? तर म्हणाला, "त्याला सांग, मी त्याच्यावर रागावलेलो नाही. ट्रामबद्दल त्याचंच बरोबर होतं."

जूनमध्ये मी ब्राउनश्वाइगला गेलो. वृद्धाश्रम चांगला आहे, खोटं बोलणार नाही. खोली स्वच्छ, खिडकी मोठी. मी आत शिरलो तेव्हा त्याने माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघितलं आणि हसला, म्हणजे मी त्याला दिसलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "चष्मेवाल्याने सांगितलं तिला. दुसरं कुणाला माहीतच नव्हतं. तीस वर्षं आम्ही दर गुरुवारी पत्ते खेळलो. त्याचं ईस्टरचं कार्ड आलं, मी न उघडता परत पाठवलं. फोन येतो, घेत नाही."

मी म्हणालो, "तो नसेल."

"मग कोण? तू? तू तर अंधाराशीसुद्धा कागद केल्याशिवाय बोलणार नाहीस." आणि माझा हात शोधून त्याने थोपटला.

गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

मुलगी बाहेर पॅसेजमध्ये कॉफीच्या यंत्राशी उभी होती. मी विचारलं, "शब्द दिला होतात ना?"

"ते जिवंत आहेत," ती म्हणाली.

"शब्द का दिलात? नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?" कप घेऊन ती शांतपणे निघून गेली.

ट्रामबद्दल तिचं बरोबर असेल. माझं स्वतःचंही तेच मत होतं. पण माझ्याकडून तिने जे घेतलं ते एका अटीवर घेतलं होतं, आणि ती अट तिने घेतानाच मोडायची ठरवली होती. आणि एक बिचारा चष्मेवाला, ज्याने तोंडातून अक्षर काढलं नाही, तो तिकडे त्सुफेनहाउझेनमध्ये दर गुरुवारी पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून एकटा बसतो. मी दुकानावरून जातो तेव्हा तो मला विचारतो, "त्याचा काही फोन?" मी मान हलवतो.

मी तिला रजिस्टर्ड पत्र लिहिलं, या वेळी कागदावर. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. म्हणून हे इथे लिहितोय. वाचणाऱ्यांपैकी कुणी ब्राउनश्वाइगला तिच्या ऑफिसात असेल, तर त्याने तिला हे वाचून, समजावून सांगावं. म्हाताऱ्याला सत्याऐंशी लागलंय. तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसावं आणि सांगावं: चष्मेवाला निर्दोष आहे, मी एकाला शब्द दिला आणि मोडला. तो विचारील, कुणाला दिलास? त्याचं उत्तर द्यायला मी दाराबाहेर उभा राहीन. पहिल्या गाडीने येतो. पण आधी तिने तोंड उघडायचं, मग मी. बोल बाई, कोणत्या तारखेला येऊ?